ओटीपर्यंत न तुटलेला कॉल

रत्नागिरी, मे २००९

प्रिय अण्णा,

आज आई ओटीपर्यंत चालत आली! तुम्हाला कळवल्याशिवाय घास उतरेना, म्हणून ताट झाकून लिहायला बसले.

तुम्ही कायमचे गेलात आणि दोनच महिन्यांत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालल्या नाहीत तर अंथरूण धरतील. पण माझं ती ऐकते थोडीच! ऐकते ती तुमच्या धाकटीचं, मस्कतच्या मनूचं. मग रोज संध्याकाळी मागच्या खोलीतून मी लॅपटॉप धरून ओटीकडे उलटी चालायची, त्यात व्हिडिओ कॉलवर मनू, आणि समोर वॉकर घेऊन आई. माजघरात आलो की चित्र गोठायचं, मनूचं तोंड उघडंच राहायचं. "अगो, तुटला कॉल. पुरे आता," म्हणत आई खुशीत मागे वळायची.

हे तुमचं काम बरं का, अण्णा! वायफायचे दोन डबे बसवलेत, एक ओटीवर, एक मागच्या खोलीत. मुलींत भांडण नको म्हणून एकाचं नाव शुभा, दुसऱ्याचं मनाली. परसातल्या कलमांनाही तुम्ही तशीच नावं दिली होतीत. पण लॅपटॉपला ती दोन वेगळी घरं वाटायची ना! तो मनालीला चिकटून राहायचा, शुभाकडे यायचाच नाही.

एकच नाव ठेवू या, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. केवढे रागावलात! "कुणाचं पुसू, सांग?"

काल दोन्ही पुसली. दोघांना एकच नाव, एकच पासवर्ड, म्हणजे लॅपटॉपला एकच घर. चॅनल तेवढे वेगळे. सिग्नलचा जोरही जरा कमी केला, म्हणजे लॅपटॉप मागच्या डब्याला वेळेवर सोडतो.

आज माजघरात मनू क्षणभर अडखळली आणि बोलतच राहिली! आईनं सवयीनं वॉकर वळवलासुद्धा होता.

"कुठे निघालीस? मी आहे इथेच!" मनू ओरडली. काय करते आई बिचारी, आली पुढे. किती हलकं वाटलं, सांगू?

आई तुमच्या खुर्चीत टेकली. मनूनं विचारलं, "ताई, नवं नाव काय ठेवलंस?"

"आईला विचार."

आईनं पडद्यावर वाचलं. "ह्यांचं," म्हणाली.

"ह्यांचं म्हणजे?"

उखाण्याखेरीज जिनं तुमचं नाव कधी घेतलं नाही, ती पदर सावरून म्हणाली, "वसंत."

आम्ही दोघी रडलो. आई म्हणाली, "रडताय काय? मला परत चालायचंय ना?"

पासवर्डात आम्ही दोघी आहोत. आधी मनू, मग मी. भांडणार नाही, अण्णा. आणि रोज संध्याकाळी आई तुमच्या खुर्चीत येऊन बसेल, हे माझ्याकडे लागलं.

तुमची,
शुभा