परक्या हवेलीत उघडलेलं भाकरीचं फडकं

औरंगाबाद,
फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप तात्यासाहेब मामांस, भाचा कडूबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला दोन्ही थंडीबरोबर गेले असतील अशी आशा आहे. तुमचा लेक सांडू आमच्याकडं मजेत आहे, कचेरीला वेळेवर जातो, पोटभर जेवतो, त्याची काळजी नसावी. (काळजी करण्यासारखं जे आहे ते खाली येतंच आहे. ते उभ्यानं वाचू नये.)

मामा, आमचे शेजारी नवाब तुम्हाला आठवत असतील. मागं तुम्ही आला होता तेव्हा पाणचक्की दाखवता दाखवता त्यांनी तुम्हाला दोन तास उभं केलं होतं, तेच. (गुडघा तेव्हापासून धरला असं मामी म्हणतात.) त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. निजामी गेली, जहागीरदार गेले, आता त्यांच्या हवेल्या पडायच्या आत पायी हिंडून बघून घ्याव्यात. त्यामुळं दर रविवारी नवाब, मी, तुमची भाचेसून मनकर्णा आणि सांडू असे चौघं निघतो. बरोबर भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि नवाबांच्या घरून शमशादभाभींनी बांधून दिलेली खिचडी नि चिंचेचा खट्टा. खरं सांगायचं तर नवाबांना इतिहास लागतो, मला खट्टा. हवेलीत शिरायचं, खांबांवरून हात फिरवायचा, नवाबांनी "क्या लोगां थे!" म्हणायचं आणि सावली बघून फडकं सोडायचं. बेगमपुऱ्यात तर आम्ही शेळ्यांना जरा सरका म्हणून जेवलो.

काल आम्ही शहागंजच्या मागं एका गल्लीतली हवेली गाठली. दार सताड उघडं, उंबऱ्यापुढं ताजी रांगोळी, चौकात सतरंज्या अंथरलेल्या, आणि आत चिटपाखरू नाही. मी म्हटलं, बघा, इथं बघायला येणाऱ्यांची कदर आहे. बसलो, फडकं सोडलं. पहिला घास तोंडात जातो तोच आतून एक गृहस्थ फेटा गुंडाळत धावत आले. पुंजाराम त्यांचं नाव, मोंढ्यात अडतीचं दुकान, आपल्यातलेच. हवेलीची एक बाजू घेऊन सहकुटुंब राहतात. (हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा मला ते हवेलीचे राखणदार वाटले.) आमच्या भाकरीकडं बघून त्यांचा चेहरा पडला.

"पाव्हणं, आमच्या घरचं अन्नपाणी चालत नाय व्हय तुम्हाला?"

"तसं नाय," मी म्हटलं. "आमचा रिवाजच हाय. जिथं बघायला जातो तिथं आपली भाकर नेतो."

"लई ठिकाणी बघितलं म्हणायचं?"

"लई. पण मनात भरंल अशी एक नाय. कुणी पुढून रंगवलेली, तर मागून पार खचलेली."

त्यांनी फेटा पुन्हा सारखा केला. मी खांबाकडं बघत विचारलं, "हिचं वय काय असंल?"

"एकोणीस सरून विसावं लागलंय."

"छ्या!" मी हसलो. "दोनशेच्या खाली नाय! बघताक्षणी कळतंय की."

तेवढ्यात आतून पोह्यांचं तबक घेऊन त्यांची मुलगी वच्छला बाहेर आली. तिनं सगळं ऐकलेलं. तबक माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "दोनशेची असले तरी पोहे मीच केलेत. घ्या." सांडूला ठेच्याचा ठसका लागला. मनकर्णेनं मला असा चिमटा काढला की अजून हिरवं-निळं आहे. आणि नवाब हळूच म्हणाले, "अरे कडूबा, ये तो दूसराच मामला है!"

मी हात जोडून खुलासा करणार तोच दारात टांगा थांबला. खरे पाहुणे आले! मुलाचे वडील कोट घातलेले, जाडजूड. त्यांनी आमच्याकडं बघितलं, पोह्यांकडं बघितलं, मग इस्त्रीचा सदरा घातलेल्या सांडूकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "आमच्याआधी दुसरं स्थळ बसवलंत? पंगतीला?" नवाब पुढं झाले, "नहीं साहब, हम लोगां तो खाली खंबे देखने को आये!" त्यानं आगीत तेलच पडलं. टांगा वळला. नवाब बिचारे एका पायात चप्पल घालून त्याच्यामागं धावले.

मामा, इथवर लिहिताना मला हसू येतंय, पण तेव्हा मान वर होईना. पुंजाराम फेटा मांडीवर काढून पायरीवर बसले. त्यांची बायको लक्ष्मीबाई तोंडाला पदर लावून दारात उभी. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, चूक माझी, मी आत्ता त्या लोकांच्या घरी जातो, हवं तर नाक घासतो. तर वच्छला म्हणाली, "कशाला? खांब बघायला आलेल्या माणसांवर जे इतके तापले, ते आमटीत मीठ कमी पडल्यावर काय करतील? आबा, बरं झालं. उठा."

पुंजाराम गुडघ्यांवर हात टेकून उठले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दोनशे!" म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मग आमच्या फडक्यापाशीच मांडी घालून बसले नि भाकरी मागून घेतली. लक्ष्मीबाईंनी पाहुण्यांसाठी केलेला सगळा स्वयंपाक बाहेर आणला. नवाब धापा टाकत परत आले, त्यांनाही वाढलं. भरीत, शिरा, खट्टा, सगळं एकाच पंगतीला. एरवी तोंड न उघडणारा सांडू पोह्यांना "अजून" म्हणत राहिला. दिवेलागणीला घरी आलो. खांब बघायचे राहिलेच.

बाकी सर्व ठीक. लोभ आहे तसा ठेवावा, निदान पत्र पुरं वाचून होईपर्यंत.

तुमचा,
कडूबा

ता. क. पुंजाराम आणि लक्ष्मीबाई येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं कन्नडला तुमच्याकडं येत आहेत. घर बघायला. मीच या म्हटलं. सांडूला विचारलं तर त्यानं फक्त मान हलवली, पण ती चारदा हलवली. मुलीचा होकार मनकर्णेनं काढलाय. आता सगळं तुमच्या हातात आहे. मामींना नीट समजावून सांगावं.

आणखी ता. क. त्या हवेलीचं नाव नवाबांनी कधी काढलं नव्हतं. तिथली नक्षी बघायलाच हवी, आणि कालच बघायला हवी, असा हट्ट तुमच्या चिरंजीवांचा होता. त्यांच्या कचेरीचा रस्ता त्या गल्लीतून जात नाही, पण ते दिवाळीपासून तिथूनच जातात, हे आज मनकर्णेनं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. पाहुणे काल येणार हेही त्यांना ठाऊक होतं. वच्छलेला काय ठाऊक होतं असं विचारलं, तर ती नुसती हसली म्हणे.

सगळ्यात शेवटी. आपल्याकडचा टपालवाला कसा आहे ते तुम्ही जाणताच. हे पत्र उशिरा हातात पडलं, तर ओट्यावर जे दोघं बसले असतील त्यांना आधी पाणी द्यावं. मग हे वाचावं.