भिंतीबाहेरचे साडेतीन हात

मी केशरबाई, भ्रतार मयत याकोब, वय अदमासे पन्नास, धंदा रांधण्याचा, राहणार आष्टी, जिल्हा बीड, हा कागद माझ्या हाताने लिहिते. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. कोणाचा धाक नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचा हाय.

१. मोठा तवा आणि परात माझ्याबरोबर भाकरी थापणाऱ्या बायनाबाईला द्यावी. ह्याच तव्यावर मी अठरा वर्षं आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मास्तरांच्या ट्रेनिंग कॉलेजात बोर्डिंगच्या भाकरी भाजल्या. आज मंडळीचे पाळक झालेले सुग्रीवराव आणि कॉलेजचे प्रिन्सिपॉल झालेले सुंदरराव, दोघं ह्याच भाकरीवर शिकले.

२. माझी एकुलती लेक अंजना तिथंच मास्तरीण व्हायला शिकत होती. तापाच्या साथीत गेली. कॉलेजामागच्या कबरस्तानात तिला पुरलं. तेव्हा कॉलेज मंडळीचं, कबरस्तान मंडळीचं, मी पण मंडळीची. मग कॉलेजला सरकारी मान्यता हवी झाली, म्हणून बायबलचा तास सक्तीचा ठेवला नाही. त्यावरून मंडळीनं कॉलेज सोडलं, कॉलेजनं मंडळी सोडली, आणि सुंदररावांनी कबरस्तान आत घेऊन भिंत घातली. लेकीजवळ राहायचं म्हणून मी कॉलेजची चूल सोडली नाही, तर मंडळीनं यादीतून माझं नाव काढलं. पुढं वरच्या जातीची पोरं आली, माझ्या हातचं खाईनात, म्हणून कॉलेजनं बामण आचारी ठेवला आणि मला काढलं. एवढ्या एका गोष्टीत दोघांचं जमलं.

३. अंजनाशेजारी पुरा, एवढं मागायला मी दोघांकडं गेलते. सुंदरराव म्हणाले, "केशरबाई, पाळकांचा लेखी अर्ज आणा. बिगर अर्जाचं फाटक उघडलं तर जागा मंडळीची ठरंल." सुग्रीवराव म्हणाले, "मावशी, अर्ज केला तर जागा कॉलेजची म्हणून आमीच कबूल केल्यागत होईल. बीडच्या अदालतीत दावा चालू हाय." मी विचारलं, "कवर चालंल?" म्हणाले, "चार-पाच वर्षं." मी म्हटलं, "बरं हाय, तवर मी वास मारत न्हाई." हसले नाहीत.

४. अंजनाची पुस्तकं मंडळीला देऊ नयेत, कॉलेजलाही देऊ नयेत. शहादेव मास्तरांच्या लेकीला द्यावीत. वाचील न्हाईतर चुलीत घालील, तिची मर्जी.

५. घर शेजारीण इमामबी आणि तिचा नवरा मुनव्वर यांना द्यावं. मुनव्वरचं शेत भिंतीला लागून आहे. अंजना भिंतीच्या आत चार पावलांवर. घराच्या बदल्यात तो मला बाहेरून साडेतीन हात जागा देणार. तो म्हणतो, "खाला, घर कशाला देता? जागा अशीच घ्या." कागदाबिगर फुकट मिळालेल्या जागेचं काय होतं ते मी अंजनाच्या कबरीवरून बघितलंय. म्हणून हा कागद.

६. डोकं भिंतीकडं ठेवावं. पाळक आले तर येऊ द्यावं, बोलवायला जाऊ नये. भिंत पाडा म्हणून कोणापुढं हात जोडू नयेत. पाया भरताना मी बघत होते, दगड आणि चुना हाय. पडायची न्हाई.

शेवटच्या दिवशी मेलेली उठतील, असं दोघंही शिकवत होते. अंजना उठंल आणि मला आतच शोधंल. तिला कोण सांगणार, मी बाहेर हाय म्हणून?

घर मिळणार म्हणून इमामबी-मुनव्वरची साक्ष घेतली नाही. तव्यासाठी नि पुस्तकांसाठी कोणी अदालतीत जायचं न्हाई. साक्षीदारांना वाचून दाखवलं, त्यांनी ऐकलं.

सही: केशरबाई
साक्ष: शहादेव मास्तर, सही
साक्ष: बायनाबाई, डाव्या अंगठ्याची निशाणी
मुक्काम आष्टी, माघ वद्य पंचमी, फसली १३३७