परत गेलेला वाटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ.

अंदाजपत्रकात मागास भागांचा वाटा वाढला आणि त्यातून आमच्या दवाखान्याला ऑपरेशनची खोली मंजूर झाली, हे रेडिओवर ऐकलं. तुझ्या भावोजींनी आवाज एवढा वाढवला, की शेजारी भांडण लागलं समजून धावत आले. राजधानीतल्या वित्त खात्यात तू नुसते कागद सरकवतोस असं वाटायचं. तू तर आमच्यासाठी भांडलास! इथली नर्स म्हणून सांगते, अडलेली बाई घाटापलीकडे न्यायची म्हणजे जीव मुठीत धरून.

माया आहेच, ती तिकडे वाळू देऊ नकोस.

ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एवढ्यात कौतुक नको. रक्कम मंजूर झाली म्हणजे खोली उभी राहिली असं नाही. तुमच्या इंजिनिअरने नकाशा आणि खर्चाचा अंदाज पाठवायला हवा. मार्चअखेर काम सुरू नसलं, तर रक्कम परत येते. त्याच्या मागे लाग. तू मागे लागलीस की माणूस काम तरी करतो नाहीतर पळून तरी जातो, हे मी लहानपणापासून भोगलंय.

आशीर्वाद चालू ठेव. रागावलीस तरी चालेल.

धाकटा

९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

पळालाच की रे! हजर झाला, गाव पाहिलं, बायकोमुलांना इथे कुठे ठेवू म्हणाला आणि आजारपणाच्या रजेवर गेला. आधीचाही असाच गेला होता. आता शिपाई तेवढा रिकाम्या खुर्चीवरची धूळ झटकतो. तिकडे इंजिनिअरांची एवढी गर्दी, त्यातला एक आम्हाला द्या ना.

गोड बातमी म्हणजे सुनेला दिवस गेलेत. मे महिन्यात तू आजोबा! केस काळे करणं आता सोड.

लोभ आणि सबुरी, दोन्ही असू दे.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पैसे परत गेले. साहेबांना म्हटलं, रक्कम वर्षभर राखून ठेवू, आधी इंजिनिअर पाठवू. ते म्हणाले, ज्यांना खाता येत नाही त्यांच्यापुढे ताट कशाला वाढायचं? मी म्हणालो, त्यांचे हात आपणच बांधलेत. ते नुसते हसले. संध्याकाळपर्यंत तुमचा वाटा इथल्या उड्डाणपुलाकडे वळला होता. इथे माणसं आहेत म्हणून पैसा खर्च होतो, आणि खर्च होतो म्हणून पुन्हा मिळतो.

सुनेला लगेच माझ्याकडे पाठव. बाकी काय लिहू?

धाकटा

१७ मे

चि. धाकट्यास,
अ. आ.

सून तिकडे यायला तयार झाली नाही. आपल्या माणसांत राहते म्हणाली. गुरुवारी कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. घाटात जीपमध्येच मुलगी झाली. रडली नाही. मी खूप प्रयत्न केले रे. सून वाचली.

तुझ्यावर राग नाही. पोरगा म्हणतो, इथे राहायचं नाही. दोघं रविवारी तुझ्याकडे निघतायत. शेजारची घरंही बंद झालीत. माणसं कमी झाली म्हणून आमचा वाटा आणखी कापतील का? हे तूच सांगू शकशील. पुन्हा मागशील तेव्हा पैशांआधी माणूस माग.

मी येणार नाही. इथे गावातल्या आणखी दोघी बाळंतिणींचे दिवस भरत आलेत.

सुनेला बाळाचं काही विचारू नकोस. आली की नुसतं जेवायला बस म्हण.

तुझी ताई