साझ्याच्या बैलाइचं आवतन

धनज,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९७४

पूज्य काकाजींच्या चरणी देवेंद्रकुमारचा जय जिनेंद्र. काकीचे गुडघे कसे आहेत? तुमची कंबर दुकानाच्या गादीनं धरली असन, तिले जरा चालवत जा.

पोळा झाला की आपली जोडी सोडवून कारंज्याले ये, साझ्याची शेती म्हणजे पोराइचं खूळ, असा तुमचा हुकूम भेटला. त्याचंच लिहून राह्यलो. आमी सात घराइनं वावरं एक केले, बैल एका गोठ्यात बांधले. माणसं एक झाले (सभेत तरी), बैल काही झाले नाही. कोणाले जोडी काढून नेता येऊ नये म्हणून मीच अक्कल चालवून जोड्या फोडल्या. आपला पांढरा साझ्यातल्या दौलतरावच्या तांबड्यासंगं जुपला. दुपार झाली की पांढरा आपल्या जुन्या गोठ्याकडे ओढे, तांबडा त्याच्या, आन मागचा निंदणाचा डवरा उभ्या कपाशीतून मधल्या वाटेनं. (तिथं आता कपाशी नाही, पण हवा चांगली येते.) साझ्यातलाच शालिग्राम आपल्या बैलाले चोरून सरकीची ढेप चारे, मंग तो बैल कपाशीचं तास सोडून शालिग्रामच्याच मागं फिरे. शेवटी साऱ्याइनं ठरवलं, पोळ्याले बैल आपापल्या घरी न्यायचे. परत आणू असं कोणीच म्हणलं नाही. बैल गेले म्हणजे शेती मोडली.

ते थांबवलं दौलतरावच्या वहिनीनं, तुळसाबाईनं. पोळ्याच्या आदल्या सांजेले मालक बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावून जेवाचं आवतन देते, हे तुमाले माहीत आहे. मालक लोक अंघोळीत होते तवाच ही बाई वाटी घेऊन गोठ्यात गेली, आन साऱ्या बैलाइले साझ्याच्या नावानं म्हणून आली, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. शालिग्राम आला तर बैलाचा खांदा आधीच पिवळा.

"माह्या बैलाले आवतन देणारी तू कोण?"

"मंग मोड ना. बैलाचं आवतन मोडणारा माणूस मले एकदा पाहाचा आहे."

मोडते कोण, काकाजी? काल साती घरच्या बाया पुरणपोळ्यांचे ताटं घेऊन गोठ्यावर आल्या. शालिग्रामनं दौलतरावच्या तांबड्याले सोताच्या हातानं पोळी चारली (तोंड वाकडं करून, पण चारली). बैलाइमागं माणसंबी तिथंच पंगतीले बसले, आन आज एकबी बैल घरी गेला नाही. ही बाई तुमच्या गादीवर बसती, तर कारंज्याचे सारे अडते एका ताटात जेवले असते.

तरी तुमचा शब्द मले मोडवत नाही. जोडी घेऊन पर्युषणाच्या आत येतो.

तुमचा आज्ञाधारक,
देवेंद्रकुमार

ता. क. बैल घरी गेले नाही, कारण ते उठूनच नाही राह्यले. सात घरच्या पोळ्या एका पोटात गेल्या. साती मालक सकाळपासून गोठ्यात बसून ज्याच्या हाताशी जो बैल येईन त्याचं पोट चोळून राह्यले. शालिग्रामले तर आपला कोणता, हेबी आता सुचत नाही.

पुन्हा ता. क. दुकानातला ओवा आन हिंग कामरगावच्या एसटीनं धाडजा. संगं माही ट्रंक आन थंडीची गोधडीबी. पर्युषणाचे उपास मी इथंच धरतो. बैलाइनं आजपासूनच धरले.