दर अकराव्या दिवशी

रत्नागिरी, ८ फेब्रुवारी २०२५

ती. सुनंदाआक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

लहानपणी माझा पाय भाजला तेव्हा तू म्हणाली होतीस, की अर्धं दुखणं मला देऊन टाक आणि गप झोप. परवा ते आठवलं.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. पोट पुन्हा दुखलं. जानेवारीत अकरा, बावीस, मग दोन फेब्रुवारी. डाव्या बरगडीखाली कुणी दोर वळतंय असं वाटतं. पोट इतकं फुगतं की निऱ्या खोचवत नाहीत. दोन तासांनी सगळं शांत. तपासण्या स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आयबीएससारखं, म्हणजे आतड्याच्या त्या जुनाट तक्रारीसारखं दिसतं, पण नियमात बसत नाही. दुखणं आठवड्याला एकदा तरी हवं, शौचाशी संबंध हवा. माझं दोन्ही नाही. गोळ्या दिल्यात, तारखा लिहून ठेवायला सांगितल्यात. नाव नसलेल्या दुखण्यासाठी रजा कशी मागायची? शाळेत राजेंद्र सर म्हणतात, मॅडमचं पोट कॅलेंडर बघून दुखतं. मीही हसते.

तर आता कबुलीप्रमाणे अर्धं घे बघू!

तुझी,
मनाली

राजापूर, ९ मार्च

चि. मनालीस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

बाय, तू बरी झालीस, आरे-वारेला जाऊन बांगड्याचं तिखलं जेवलीस, हे तुझ्या लेकीने, तेजलने फोनवर ओरडून सांगितलं. जीव निवला.

इथे काजूच्या बिया वेचतेय. मध्येच माझं पोट बिघडलं. तेरा फेब्रुवारीला, चोवीसला आणि परवा सातला. तू लिहिलंस तसाच दोर. इथले डॉक्टरही म्हणाले, नियमात बसत नाही. रेशनच्या यादीत नाव नसावं तशा आपण दोघी!

काळजी नको. उपाय सापडलाय. डाव्या पायाची टाच थंड पाण्याच्या बादलीत धरली की दोर सैल पडतो. कुणी शिकवलं नाही गो, पाय आपणहून गेला.

जेवत जा. आठवण ठेव.

तुझी आक्का

रत्नागिरी, १२ मार्च

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. टाचेचं मी तुला लिहिलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, तेजललाही नाही. हसतील म्हणून दार लावून बादलीत पाय घालायचे.

आणि तेरा, चोवीस, सात या माझ्या तारखा होत्या. प्रत्येक वेळी मी वही पुढ्यात घेऊन वाट बघितली. काही झालं नाही. बरगडीखाली हात ठेवला तर कुणी नुकतंच उठून गेलेल्या जागेसारखं वाटलं. मी अर्धं म्हटलं होतं, आक्का. माझ्याकडे काहीच उरलेलं नाही.

आपल्या घरात गंडेदोरे कधी आले नाहीत. असल्या गोष्टी खोट्या असतात, असं मीच वर्गात शिकवते. तरी येत्या मंगळवारी अठरा तारीख आहे. तू एकसष्ट वर्षांची, रक्तदाबाची, घरात एकटी. मी येतेच आहे. त्याआधी फक्त एक ओळ लिहून पाठव, की तुझं तू परत घे. तू हसशील, पत्र पेटीत ठेवशील आणि लिहिणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

तरी मागते. या खेपेला लोभ जरा कमी असावा.

तुझीच,
मनाली