व्याहीणबाईंची मरळ

धसईजवळून,
ता. २० मे २०२४

चि. राहीस जानकीबायचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. आमी सगळी बरी हाव, तुमी किन्हवलीकर बरी असालच. फोन सोडून कागद लिवते, कारण फोन देवरामचा, नि माझा हा लेक स्पीकर लावल्याबिगर आईला बोलू देत नाय. गोष्ट तर त्याच्याच चोरून सांगायची हाय.

सुनिलची दामिनी, आपली आसनगावची नात, दोन तारखेला येतेय. डोहातली मोठी मरळ धरायला. धरायची, फोटो काढायचा नि परत पाण्यात सोडायची! मी विचारलं की गो, मग धरायची कशाला? म्हणे मजा येते. मी म्हटलं मजा मलाबी येते, पण रस्सा झाल्यावर.

तिचे नियम ऐक. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकायचा, म्हंजे तोंडातून सुळकन निघतो. हात आधी ओले करायचे. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो नि मासा मागनं आजारी पडतो. कल्ल्यात बोट घालून लटकवायची नाय, पोटाखाली हात द्यायचा. तापल्या खडकावर ठेवायची नाय. मी म्हटलं, म्हंजे तान्ह्या पोरीला न्हाऊ घालायचं तसंच की! लय खूश झाली. मरळीला भुलवायला रबराचा बेडूक तिनं आधीच कुरिअरनं धाडलाय. शेजारच्या रखमीनं तो ओट्यावर बघितला नि झाडूनं हाणत हाणत विहिरीपातुर नेला.

आता घोर कसला ते सांगते. देवरामनं निम्मंच ऐकलं, मरळ धरणार एवढंच, नि त्याच्या लेकीच्या, रंजिताच्या सासरच्यांना मुरबाडहून रश्शाला बोलावून मोकळा झाला. लग्नानंतर पहिल्यांदा येतायत. इकडं दामिनीनं शपथ घेतलीय की मरळ मेली तर पुन्हा गळाला हात लावणार नाय. मरळ एक, नि अब्रू दोघांची. कायतरी सुचव गो.

तुझ्या कागदाची वाट बघणारी,
जानकीबाय


किन्हवली,
ता. २५ मे २०२४

ती. जानकीबायस धाकटीचा सा. न. वि. वि. कागद वाचून यांना ठसका लागला. आपल्या बापानं मरळीच्या डोक्यापायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, नि त्याचीच पणती मरळ सोडणार! वरती म्हातारा कपाळ बडवत असेल.

देवरामला समजवू नको, पोट बोलायला लागलं की त्याला कान नसतात. मला एवढंच सुचतं, डोहाकाठी तू घेरी येऊन पड. सगळी तुझ्याकडं धावतील, तवर पोरगी मरळ सोडील. सावलीत पड, नि लुगडं चांगलं नेस. एवढं करून मरळ आपल्या मरणानं मेलीच, तर शेपटीकडचा तुकडा माझा.

माया पातळ करू नको.
तुझी राही


धसईजवळून,
ता. ४ जून २०२४

चि. राहीस आशीर्वाद. वि. वि. घेरी काय जमली नाय. दोनदा पडले, दोन्ही टायमाला व्याहीणबाईंनी नाकाशी कांदा धरून उठवलं.

मरळ मात्र आली! दामिनीनं बेडूक पाणगवतावरनं टुकुटुकु ओढला नि पाणी फुटलं. माझ्या हाताएवढी लांब. पोरीनं कधी गळाचा तंगूस ताणला, कधी ढिला सोडला, ओल्या हातानं गळ काढला, तवर अख्खी आळी टोप घेऊन काठावर. व्याहीणबाईंनी तर मुरबाडहून वाटण डब्यात भरून आणलेलं. देवरामनं मरळ हिसकून पाण्यानं भरलेल्या मोठ्या टोपात घातली, वर परात झाकली नि परातीवर हात ठेवून बसला, बँकेच्या शिपायासारखा. मरळ चिवट, टोपात मरत नाय, पण चूल पेटलेली होती. दामिनीचे डोळे भरले.

मी परात सरकवून वाकले. पोट तटतटलेलं. नि माझ्या तोंडातनं निघून गेलं की अगो बाय, ही तर पोटुशी! पोटुशी लेक दारात आली, तिला रिकामी कशी धाडायची? व्याहीणबाईंना म्हटलं की मी विधवा बाई, ओटी भरायचा मान तुमचा. आता तू त्यांना वळखतेस. चुलीवरचं दूध उतू जाऊ देतील, पण मान सोडायच्या नाय.

रखमी धावत तांदूळ, नारळ, खण घेऊन आली. व्याहीणबाई कुंकू मरळीच्या कपाळाला लावायला निघाल्या तशी दामिनी किंचाळली की मावशी, अंगाला कोरडं काय लावायचं नाय! मग टोपाला लावलं. खण टोपाच्या काठावर, नारळ शेजारी. वर दृष्टबी काढली. सगळं झाल्यावर देवराम विचारतो की आता कापायची ना? व्याहीणबाई अशा कडाडल्या गो! म्हणाल्या की माझ्या हातानं ओटी भरलेली लेक मी वाटणात घालू? मुरबाडात मला कोण दारात उभं करील?

दामिनीनं मरळीला पाण्यात धरलं, तोंड धारेकडं. शेपूट हलेपातुर सोडायची नाय असा तिचा नियम. शेपूट हलली, नि गेली बया. काठावरच्या बाया हात हलवत उभ्या, एसटी सुटावी तशा. वाटणात मग अंडी सोडली. व्याह्यांनी तीनदा वाढून घेतलं.

सुखात राहा, मलाबी आठवत राहा.
जानकीबाय


किन्हवली,
ता. ११ जून २०२४

ती. जानकीबायस सा. न. वि. वि. पोरगी जिंकली, बरं वाटलं. पण यांचं म्हणणं की मरळीतला नर नि मादी नुसतं बघून वळखू येत नाय. एखादा खादाड बाप्या असला, तर डोहात त्याची केवढी थट्टा चालली असेल! देवरामचं पोट बघून व्याहीणबाई त्याचीबी ओटी भरतील, जपून.

लोभ आटू देऊ नको.
राही


धसईजवळून,
ता. १४ जुलै २०२४

चि. राहीस आशीर्वाद. वि. वि. तुझ्या घरधन्याला सांग, डोहाच्या कडेला केशरी पिल्लांचा थवा वर आलाय, नि खाली दोन मोठ्या सावल्या राखण करतायत. त्यातली आपली कुठली ते मरळींनाच ठाऊक. आमी दोघींनाबी आपलीच धरलंय.

व्याहीणबाईंचा रोज फोन येतो. लेक बाळंत झाली, आता सव्वा महिना डोहात कुणी गळ टाकायचा नाय असा हुकूम देवरामला दिलाय. तो छत्री घेऊन काठावर बसतो, बगळा उतरला तरी दगड भिरकावतो. काल दामिनी आली काठी घेऊन, म्हणे एकदाच धरते नि लगेच सोडते काका. त्यानं तिलाच माघारी धाडली. म्हणाला की आईबाप गळाला लागले तर पिल्लांना कोण राखील? पोरगी आधी रुसली, मग हसली, मग त्याच्याच छत्रीत जाऊन बसली. दोघं मिळून बगळे हाकलत होती.

व्याहीणबाई रविवारी बारशाला येतायत. पाळणा आणू नका म्हटलं, पण ऐकतायत कुठं! पिल्लं मोजून संपत नाय, तेव्हा तुझ्या ध्यानात असतील तेवढी नावं धाडून दे. देवराम हे नाव सोडून. ते त्यानं एकाला आधीच ठेवलंय.

तुझ्यावर जीव असलेली,
जानकीबाय