जर्मन बॅकची दाबलेली पत्रं

१९ फेब्रुवारी १९४८

त्याचं पत्र आलं. त्या जर्मन पोराचं!

डाकवाल्या बकारामने आमगावहून टपालाची थैली आणली, ओसरीवर उपडी केली. सहा कार्डं आणि एक परदेशी लिफाफा. हे तिकीट कोन्या मुलकाचं, गुरुजी, म्हणाला. इंग्रजी पत्त्याखाली बालबोधीत नाव – चि. चुन्नीलाल यास. ते अक्षर मीच पाटीवर गिरवून घेतलेलं. ओळखणार नाही?

शाळेची नोकरी संपली तरी गावचं डाकघर माझ्याच ओसरीत आहे. शिक्का मारला आणि लिफाफा मुलाच्या टपालात न ठेवता माझ्या पत्र्याच्या पेटीत टाकला. आजवर कुणाचं टपाल दाबलं नव्हतं. आज दाबलं. वाईट वाटलं नाही.

२० फेब्रुवारी

फोडलं.

एर्विन जिवंत आहे. लढाई लागली तेव्हा इंग्रजांनी त्याच्या बापाला, आपल्या मिशन दवाखान्याच्या डॉक्टरला, बायकोपोरासकट नेलं, तारेच्या कुंपणात ठेवलं, मग बोटीत घालून त्यांच्या देशात पाठवलं. आता हा तिकडे कोळशाच्या मुलखात एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. डावा बॅक – समोरच्याला अडवणारा. सामना खेळला की संघाला बटाट्याची पोती मिळतात! आणि खाली विचारतो – चुन्नी, तुझा पाय कसा आहे?

कसा असणार? मोडलास तूच! एकोणचाळीसचा जानेवारी. खेळाचं मैदान म्हणजे धान निघालेली बांधी, पोरं अनवाणी. रेल्वेच्या टीमने चुन्नीला आठ दिवसांनी गोंदियाला बोलावलं होतं. चेंडू घेऊन तो सुटला आणि हा आडवा घुसला. हाड मोडल्याचा आवाज मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावरून ऐकला. आज चुन्नी गोंदियात घड्याळं दुरुस्त करतो. बसून करायचं काम. मोडणारा मात्र अजून पळतो आहे.

पत्राच्या कडेला लाल शाईने लिहिलं – सवय! ‘शिरोरेषा वाकडी. ऋतूचे वर्णन नाही. दहापैकी तीन.’

६ मार्च

चुन्नी शनिवारचा गावी आला. बकाराम त्याला फाटकाशी अडवून बराच वेळ बोलत होता. तंबाखू मागत असेल.

११ ऑगस्ट

दुसरं पत्र. सुरुवातच ऋतूने! ‘इथला उन्हाळा म्हणजे आपला पौष, बोडीच्या पाण्यावर धुकं असतं तसा.’ माझा शेरा तर पेटीत कुलपाखाली. योगायोग.

क्लबाने करार केला आहे. सकाळी वखारीत कोळसा उपसायचा, दुपारी सराव, रविवारी सामना – आणि खेळण्याचा पगार! माणसं आडवी करण्याचा पगार! अशा माणसाला आमच्याकडे गावाबाहेर काढतात.

‘दहापैकी चार. जेवण काय मिळते ते लिहिले नाही.’

३ जानेवारी १९५०

जेवणाचं लिहिलंय. कोबी, उकडलेले बटाटे. भात सणासुदीला – आणि तोही त्याची आई दुधात शिजवते, वर साखर घालते! धानाच्या मुलखात वाढलेला पोर साखरभात खातो आणि पत्रात मिरवतो. शरम नाही.

गिरजा वाढत होती. माझी धाकटी बहीण, विधवा झाल्यापासून इथेच असते. म्हणाली, दादा, आज दुसऱ्यांदा भात घेतला तुमी. अन् सकाळी आंघोळ करताना कविता म्हणून राहिले होते.

तिला ऐकू कमी येतं.

९ डिसेंबर १९५१

चुन्नी जेवताना एकदम म्हणाला, “बाबूजी, एर्विनचं काही पत्र-बित्र नाई येत का?”

“कोण एर्विन?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे. “बरं,” म्हणाला.

काठी टेकत उठला. ती काठी दारावर आपटली की माझ्या छातीत आपटते. कुणामुळे आपटते? आणि मी त्याची पत्रं पोचवू? मरेपर्यंत नाही.

२२ सप्टेंबर १९५२

आज बसल्या बसल्या जुना वर्ग दिसला. चाळीस पोरं, एक चाल. मोराची कविता म्हणायला लागली की कौलांवरची कबुतरं उडायची. त्यात तो सोनेरी डोक्याचा, पहिल्या चटईवर. ‘कमळ’ म्हणता येईना. ‘ळ’साठी तीन महिने जीभ दुमडत बसला, आणि चौथ्या महिन्यात अख्ख्या वर्गापेक्षा स्पष्ट म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. त्या हाताचा राग येतो.

२५ सप्टेंबर

आणि आजच्या पत्रात लिहितो काय! ‘गुरुजी सांगत, कवितेच्या ओळीत यती असते, तिथे थांबते म्हणून ओळ चालते. चुन्नी, बॅक म्हणजे तीच. समोरच्याची धाव तोडायची नाही, तिला जरा थांबवायचं.’

माझंच मला शिकवतो! माझी विद्या घेऊन गेला आणि हाडं मोडायच्या धंद्याला लावली. यतीने कधी कुणाचा पाय मोडला नव्हता रे!

‘दहापैकी सहा.’ उपमा चांगली आहे म्हणून. माणूस नाही.

२८ ऑगस्ट १९५४

त्यांचा देश फुटबॉलमध्ये जगात पहिला आला. ह्याला संघाच्या सरावाला बोलावलं होतं, शेवटच्या यादीत नाव कापलं. सामना त्याने कोळशाच्या वखारीत रेडिओवर ऐकला. लोक नाचत होते, हा कोपऱ्यात फावडं धरून उभा.

बरं झालं! आठ दिवसांवर आलेलं हातचं जाणं काय असतं, कळू दे.

२९ ऑगस्ट

जेवलो नाही. पोट बिघडलंय.

१७ मार्च १९५६

वर्ष झालं, पत्र नाही. आज बकारामवर ओरडलो, थैली नीट झाडत नाहीस म्हणून. त्याने ती माझ्यासमोर उलटी करून झाडली. गव्हाचा कोंडा पडला.

मेला असेल तर कळवायला हवं होतं.

२ एप्रिल

आलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मग खाटेवरून लिहायला काय झालं होतं? हात मोडला होता? शेरा लिहिताना निब मोडलं.

१२ जून १९५८

आज आलेलं पत्र इथे उतरवून ठेवतो. लाल शाई लावली नाही.

‘चुन्नी, माझं खेळणं संपलं. शेवटच्या सामन्यात हरलो तर क्लब खालच्या वर्गात जाणार होता. बरोबरी होती. पाच मिनिटं उरली. त्यांचा एक पोरगा चेंडू घेऊन सुटला, एकोणीस वर्षांचा. मी पोचलो होतो. पाय घातला असता तर चेंडू मिळाला असता, त्याचा पायही गेला असता कदाचित. मला धान कापलेली बांधी दिसली. मी पाय काढून घेतला. गोल झाला. बाहेर पडताना आमचेच लोक माझ्यावर थुंकले. दहा वर्षं ज्यांच्यासाठी खेळलो ते. पुन्हा तेच करीन का, मला माहीत नाही.’

१३ जून

कशावरच लक्ष लागत नाही. एक शिक्का उलटा मारला.

पाय काढून घेतला म्हणतो. वीस वर्षं उशिरा! माझ्या पोराला त्याचा काय उपयोग?

१४ जून

उपयोग असो नसो, हे पत्र चुन्नीचं आहे. सगळीच त्याची आहेत. मी चोर आहे, तेही सरकारी. तो संध्याकाळच्या गाडीने येतो आहे. उद्या पेटी देणार. तो पुन्हा या घरी येणार नाही कदाचित. मी त्याच्या जागी असतो तर आलो नसतो.

१५ जून, रविवार

पेटी समोर ठेवली, सगळं सांगितलं. त्याने उघडलीच नाही.

“हे तुमच्यासाठीच लिवते तो, बाबूजी. माहे वेगळे, गोंद्याच्या पत्त्यावर येतेत. दहा सालं झाले.”

बकारामने त्याला परदेशी लिफाफ्याचं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. घड्याळं उघडणाऱ्याला माझं कुलूप ते काय! माझे शेरे उतरवून तोच जर्मनीला कळवत होता.

हे काऊन केलंस, म्हणून विचारलं.

“त्याचं पत्र आलं का तुमी दोनदा भात घेता.”

मी ते पाय काढल्याचं विचारलं.

“मी लिवलं त्याले, बेकार केलं म्हणून. बॅक आहे तो, पाय घालाच लागते. माह्या वेळेसही बराबरच घातला होता. मीच उशिरा वळलो.”

लबाड! दोघेही!

शेवटच्या पत्राला मार्क द्यायचे राहिलेत. लाल शाईची पुडी संपली आहे. येत्या शनिवारी येताना आण म्हटलं.